भूतपत्ते: शहरी भुतं लिहिणाऱ्यांसाठी शंभर पत्त्यांचा संच

ठाण्यात नौपाड्यातल्या एका पुस्तकांच्या दुकानात काउंटरवरच ही काळी खोकी रचून ठेवलेली दिसतात. वर चंदेरी पिंपळपान, आत शंभर पत्ते आणि ३२ पानांची पुस्तिका. किंमत ७५० रुपये, नवी मुंबईत कुरिअरनं मागवलं तर वर ६० रुपये. नावावरून खेळायचा डाव वाटेल, पण तसं नाही. शहरात घडणारी भुताखेतांची गोष्ट, म्हणजे हल्ली जिला सरसकट अर्बन फँटसी म्हणतात ती, लिहिणाऱ्यांसाठी केलेलं हे साहित्य आहे. टेबलाभोवती बसून रोलप्ले, म्हणजे पात्रं वठवत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, खेळवणाऱ्यांनाही ते चालतं.

शंभरातले ४४ पत्ते भुतांचे, २८ जागांचे, २४ अडचणींचे आणि चार कोरे. भुताच्या प्रत्येक पत्त्यावर मागे चित्र न देता पुढेच छोटं रेखाटन आणि त्याखाली चार रकाने आहेत: मूळ, ठिकाण, अट, उतारा. माणूस कसा गेला आणि त्याचं काय राहून गेलं ते मूळ. कुठे असतं ते ठिकाण. काय केल्याशिवाय राहवत नाही आणि काय करताच येत नाही ती अट. कशानं शांत होतं तो उतारा. संच घ्यायचा तर या चार रकान्यांसाठी घ्यावा, आणि त्यातही तिसऱ्यासाठी.

भूत शहरात आणायचं म्हटलं की लिहिणारा आधी त्याचे कपडे बदलतो. हडळ मॉलमध्ये फिरते, खवीस बाउन्सर होतो, समंध बिल्डरचा वकील होतो. दोन पानं मजा येते. तिसऱ्या पानावर वाचकाच्या ध्यानात येतं की हा साधा माणूसच आहे, नाव तेवढं भुताचं. कपडे बदलताना भुताची अट गळून पडलेली असते. मुंजा पिंपळाला बांधलेला, गिऱ्हा पाण्याला, राखणदार गावाच्या शिवेला. आणि ठाण्या-नवी मुंबईत गेली पन्नास वर्षं काय चाललंय? झाड काढणं, पाणी बुजवणं, शीव पुसणं. अट आहे तशी ठेवली आणि शहराला तिच्यावर येऊन आदळू दिलं, की भूत आपोआप नवं होतं. त्याला नवे कपडे लागत नाहीत.

अटीत किती जोर असतो ते आपल्याकडे लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक आहे. वेताळपंचविशीत राजानं प्रेत खांद्यावर घेऊन चालायचं आणि तोंड उघडायचं नाही. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी परत झाडावर. एवढ्याशा अटीवर सगळी मालिका तोलून धरलेली आहे. अकराव्या शतकात सोमदेवानं कथासरित्सागरात ती घेतली, तेव्हापासून आजवर वेताळाचं रूप कुणी फारसं लक्षात ठेवलेलं नाही. अट मात्र सगळ्यांच्या तोंडपाठ आहे.

आता एक पत्ता जवळून पाहू. मुंजा. मूळ: मुंज झाली, सोडमुंजीच्या आत मुलगा गेला. ठिकाण: पिंपळ. अट: झाड सोडता येत नाही. उतारा: पाराशी दिवा, गोडाचा नैवेद्य. जागांच्या गठ्ठ्यातून ‘पुनर्विकासाला निघालेली सोसायटी’ आणि अडचणींतून ‘कागद’ हा पत्ता निघाला, तर हातात जवळजवळ तयार गोष्ट आहे. कशी ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

नौपाडा, चरईकडच्या चार मजली इमारती पडताहेत आणि आवारातला पिंपळ बेसमेंट पार्किंगच्या आड येतोय. झाड असंच तोडता येत नाही. राज्याच्या शहरी भागांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण आहे, अर्ज करावा लागतो, हरकती मागवणारी नोटीस निघते आणि ती त्या झाडालाही लावतात. म्हणजे ज्याचं घर जाणार त्याच्या दारावरच नोटीस. मुंजा आठ-दहा वर्षांचा. मुंज झालेली, तेव्हा अक्षरओळख आहे, संध्या पाठ आहे. पण ‘पुनर्रोपण’ या शब्दाचा अर्थ त्याला कोण सांगणार? हरकत नोंदवायला नाव आणि पत्ता लागतो. नाव आहे, पत्ता तर झाडच आहे. सही कुणाची? इथे लिहिणाऱ्याला काहीही शोधून काढावं लागत नाही. अटीतून प्रश्न आपोआप पडत जातात.

आणि याच ठिकाणी बहुतेक कच्चे खर्डे घसरतात. दुसऱ्याच प्रसंगात मुंजा लिफ्टमध्ये दिसतो, चौथ्या मजल्यावरच्या मुलाच्या खोलीत शिरतो. गेली अट. एकदा तो हवा तिथे जाऊ शकतो म्हटलं की झाड तुटलं काय नि राहिलं काय. त्याला वर न्यायचंच असेल तर पिंपळाच्या स्वभावातून न्यावं. पिंपळाची फळं पक्षी खातात, बी विष्ठेतून पडतं आणि सांडपाण्याच्या पाइपच्या सांध्यात, गच्चीच्या कठड्यात, प्लास्टरच्या भेगेत रुजतं. जुन्या इमारतींच्या भिंतीतून फुटलेलं पिंपळाचं रोप ठाण्यात कुठेही मान वर केली की दिसतं. चौथ्या मजल्याच्या पाइपला वीतभर रोप फुटलंय, त्याच्या चार पानांपुरता मुंजा तिथे आहे: फार तर त्याचा आवाज, फार तर हात. प्लंबरनं रोप उपटलं की तेवढा भाग गेला. हे भितीदायक आहे, करुणही आहे, आणि अट कुठेही मोडलेली नाही. पत्त्यावर यातलं काही लिहिलेलं नाही, पण ‘अट’ हा रकाना समोर असल्यामुळेच इथवर येता येतं.

चकव्याचा पत्ता उलट आळशीपणानं केला आहे. चकवा माणसाला रात्रभर त्याच त्या जागी फिरवतो. उपाय म्हणून जुनी माणसं सांगतात की एका जागी बसून राहावं, उजाडू द्यावं. इतकं बरोबर लिहून पुढे पत्ता म्हणतो, ‘शहरात: मोबाइल बंद पडतो.’ मोबाइल बंद पाडणं ही या लेखनप्रकारातली सगळ्यात घासून गुळगुळीत झालेली युक्ती आहे. नवी मुंबईत तिची गरजच काय? सिडकोनं प्रत्येक उपनगराला स्वतंत्र सेक्टर क्रमांक दिले. वाशीला सेक्टर १० आहे, नेरुळला आहे, कोपरखैरण्याला आहे, ऐरोलीलाही आहे. चकव्याला फोन चालू हवा. नकाशा नीट चालतो, निळा ठिपका हलतो, पाटीही सेक्टर १० चीच. फक्त उपनगर दुसरं. रिक्षा सोडून माणूस बिल्डिंगपाशी येतो, नंबर जुळतो, बेल वाजवतो, दार उघडतो तो अनोळखी माणूस, आणि म्हणतो, ‘या, उशीर झाला.’ उजाडेपर्यंत बसून राहायचं हा उपाय तसाच ठेवावा. रात्री अडीचला अनोळखी घरातल्या सोफ्यावर उजाडायची वाट बघत बसलेला माणूस, याच्यापुढे बंद पडलेला फोन काहीच नाही.

गिऱ्ह्याच्या बाबतीत संचानं काळवेळेचा घोळ केलाय. गिऱ्हा पाण्यातलं भूत, बुडून मेलेल्याचं, माणसाला पाण्याकडे ओढणारं. पत्त्यावर अट आहे: ‘रात्री बारानंतर.’ खाडीला रात्रीचे बारा कळत नाहीत. खाडीला भरती-ओहोटी कळते. ठाण्याची खाडी घ्या, मुंब्र्याचं रेतीबंदर घ्या, नवी मुंबईतल्या दिवाळे नाहीतर सारसोळे गावचा कोळी घ्या, त्याचं घड्याळ तिथीवर चालतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानानं निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत जितकं आत जावं तितकी भरती किनाऱ्यापेक्षा थोडी उशिरा लागते. रोज ही वेळ साधारण पाऊण तासानं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती-ओहोटी. गिऱ्ह्याची अट ‘ओहोटी लागल्यापासून पाणी वळेपर्यंत’ अशी धरली तर लिहिणाऱ्याच्या हातात सव्वासहा तासांची चौकट येते, रोज जागा बदलणारी. कधी ती पहाटे येईल, कधी भर दुपारी शाळा सुटायच्या वेळेला. कॅलेंडर भिंतीवर ठेवून प्रसंगांच्या तारखा लावता येतात, आणि वाचकांत एखादा कोळीवाड्यातला निघाला तरी त्याला चूक काढता येणार नाही. त्यात वाळूउपशाची भर घाला. उपसा झालेल्या तळाला खोल खड्डे पडतात, वरून पाणी सपाट दिसतं आणि कमरेइतक्या पाण्यात चालणाऱ्याचा पाय एकदम जातो. गिऱ्ह्याला ओढायची गरजच उरत नाही. मग तो काय करतो? कदाचित तो सावध करायला हाका मारत असेल आणि लोक त्या हाकांनाच घाबरून भलतीकडे पाऊल टाकत असतील.

संचातला सर्वांत चांगला पत्ता अलवंतिणीचा. बाळंतपणात गेलेली बाई. मूळच्या रकान्यात चार ओळी आहेत आणि त्यात एकही शब्द भीती घालण्यासाठी लिहिलेला नाही. अट: बाळाचं रडणं ऐकलं की पुढे पाऊल टाकता येत नाही. जागांमध्ये ‘प्रसूती वॉर्डाबाहेरचा बाक’ हा पत्ता आहे, तो याच्याशी लावून पाहावा. बाळंतपणातल्या मृत्यूंच्या मोठ्या कारणांत अतिरक्तस्राव हे एक कारण आहे. शहापूर-मुरबाडकडून ‘पुढे न्या, पुढे न्या’ करत खालच्या दवाखान्यातून वरच्या दवाखान्यात पाठवलेली बाई वाटेतच किती रक्त गमावते याचा विचार केला, तर रक्त मागणारी अलवंतीण एकदम वेगळी दिसू लागते. ती कुणाचं रक्त प्यायला आलेली नाही. जी पिशवी वेळेवर आली नाही ती मागायला आली आहे. बाकावर बसलेल्या नातेवाइकांकडे चिठ्ठी असते, गट लिहिलेला असतो, कुणीतरी रक्तपेढीकडे धावलेलं असतं. तिथे ती उभी. या पत्त्यासाठी ज्यानं कुणी मजकूर लिहिला त्याचे आभारच मानायला हवेत. जुन्या समजुतीचा मान ठेवून तिच्यातलं दुःख वर काढणं सोपं नसतं.

म्हणूनच चेटकिणीचा पत्ता पाहून वाईट वाटतं. ४४ भुतांत चेटकीण घातली आहे, केस मोकळे, डोळे लाल, हातात लिंबू. चेटकीण हे भूतच नव्हे. ती जिवंत बाई असते, जिच्यावर गावानं तसा आळ घेतलेला असतो. भुताळी ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे, जीवही गेले आहेत, आणि हे जुन्या काळातलं नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशा प्रकारांमुळेही. हा पत्ता पुढच्या छपाईत काढावा, किंवा अडचणींच्या गठ्ठ्यात ‘आळ’ नावानं घालावा. तिथे तो खरा कामाचा आहे: सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात एका विधवेविषयी कुजबुज सुरू झाली, दोन मुलं आजारी पडली, कुणीतरी गावाकडून भगत आणायचं म्हणालं. भूत कुठेच नाही आणि तरी गोष्ट अंगावर काटा आणते. त्याच कायद्यामुळे भगत हे पात्रही बदलतं, हेही पुस्तिकेत यायला हवं होतं. शहरी गोष्टीत भगत उतारा करतो तेव्हा त्याला पोलिसांची भीती असते, लोक दार लावून बोलतात, पैशांचा व्यवहार लपून होतो. हा तणाव फुकट मिळतोय, तो सोडू नये.

जातीचा प्रश्नही असाच अर्धवट सोडला आहे. पुस्तिकेचा आधार बराचसा ब्रिटिश अधिकारी एंथोवेन यांनी १९१५ मध्ये छापलेल्या कोकणातल्या लोकसमजुतींच्या इंग्रजी संग्रहाचा आहे, तसं तिच्यात सांगितलंही आहे. तो संग्रह जॅक्सन या दुसऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं जमवलेल्या साहित्यावरून झाला आणि ते साहित्य मुख्यतः गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला पाठवलेली उत्तरं होती. म्हणजे भुतांची माहिती आली ती शिकलेल्या मास्तरांच्या नजरेतून. मेल्यावरही प्रत्येकाला जात चिकटलेली: समंध ब्राह्मणाचा, देवचार शूद्राचा, खवीस बहुतेकदा मुसलमानाचा. पत्त्यांवर हे ‘मूळ’ म्हणून जसंच्या तसं उतरवलं आहे. खवीस हा शब्दच अरबी खबीस, म्हणजे दुष्ट, यावरून आला. शेजारच्या माणसाच्या मेलेल्या आत्म्याला सरसकट दुष्ट म्हणायचं ठरलं ते कुणी, केव्हा, हा प्रश्न मुंब्र्यात किंवा राबोडीत घडणाऱ्या गोष्टीनं विचारायलाच हवा. आमची सूचना अशी की खवीस, देवचार, समंध हे तीन पत्ते निघाले तर ‘मूळ’ रकान्यासमोर एक प्रश्न लिहावा: हे नाव याला कुणी दिलं? या एका प्रश्नानं पत्ता उलटा फिरतो आणि गोष्ट नाव देणाऱ्यावर येते.

वेताळाच्या पत्त्यात दोन वेगळे वेताळ एकत्र कालवले आहेत. एक प्रेतात शिरणारा, झाडाला लटकणारा, कोडी घालणारा. दुसरा कोकण-गोव्यातला ग्रामदेव, ज्याची देवळं आहेत, ज्याला मान दिला जातो, जो गाव राखतो. पहिला सौदा करतो, दुसरा पहारा देतो. एकाच पत्त्यावर दोघांच्या अटी लिहिल्यामुळे अट दोन्हीकडून सैल झाली आहे. साती आसरांना भुतांत घालणं हीही तशीच चूक. विहिरीकाठी, तळ्याकाठी ओळीनं मांडलेल्या सात दगडांना हळदकुंकू, चोळखण वाहणाऱ्या घरांत हा संच गेला तर लोक दुखावतील, आणि त्यांचं दुखावणं बरोबर असेल. लिहायचं तर त्यांना देवता म्हणूनच लिहावं. काठ सिमेंटनं बांधून काढलेल्या तळ्यात आसरांचे दगड कुठे गेले, हा प्रश्न ठाण्यासारख्या तळ्यांच्या शहरात पुरेसा मोठा आहे.

वाघोबाचीही तीच गत. पत्त्यावर तो बिबट्या होणारा माणूस आहे, पाश्चात्त्य लांडगामाणसाच्या साच्यातून काढलेला. वारल्यांचा वाघोबा म्हणजे देव आणि एक करार: आम्ही वाघबारसेला तुझा मान करू, तू आमची गुरं-माणसं राख. येऊरच्या पायथ्याशी, घोडबंदर रोडला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाला लागून टॉवर उभे राहिले, बिबटे तिथेच आहेत आणि त्यांच्या खाण्यात भटकी कुत्री बरीच असतात. करारातला एक पक्ष पंचविसाव्या मजल्यावर राहायला आला आणि त्याला कराराची खबरच नाही. पुढचं लिहायला रूपांतराच्या जादूची मदत लागत नाही.

परदेशी सहा पत्ते संचात नसते तर बरं झालं असतं. रक्तपिपासू व्हॅम्पायरच्या पत्त्यावर ‘मूळ’ रकान्यात लिहिलंय की सूर्यप्रकाशात तो जळून मरतो. हे मूळ नव्हे. १८९७ च्या ड्रॅक्युला कादंबरीत तो दिवसाही हिंडतो, फक्त त्याची ताकद कमी होते. उन्हानं मरण्याची कल्पना रुजली ती १९२२ च्या जर्मन मूकपटापासून. चूक छोटी आहे, पण तिच्यातून शिकण्यासारखं मोठं आहे. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध राक्षसाची सगळ्यात प्रसिद्ध अट पंचवीस वर्षांनी कुणीतरी जोडली, आणि ती इतकी चपखल बसली की मूळचीच वाटू लागली. आपणही अट जोडू शकतो, फक्त ती भुताच्या मूळातून उगवलेली हवी. रात्रीचा प्राणी, म्हणून ऊन सोसत नाही, हे पटतं. मुंजाला वाय-फाय सोसत नाही. हे पटत नाही.

नवी मुंबईसाठीच्या जागांचे नऊ पत्ते मात्र मन लावून केले आहेत. खाडीपूल, मसाला मार्केट, बंद पडलेली रबाळ्याची कंपनी, गावठाण आणि सेक्टर यांच्यामधली भिंत. ‘साडेबारा टक्के’ नावाचा पत्ता तर कमाल आहे. संपादित जमिनीच्या बदल्यात प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड, हा हिशोब इथल्या आगरी-कोळी घरांत पिढ्यान्पिढ्या बोलला गेला आहे. राखणदाराच्या पत्त्याशेजारी तो ठेवा. राखणदाराची अट शिवेपुरती. चार दिशांना चार खुणा, त्यांच्या आत त्याचं राज्य. शेतं गेली, खाजण गेलं, मिठागर गेलं, खुणांवरून पामबीचसारखा रस्ता गेला. माणसांना साडेबारा टक्के मिळाले, राखणदाराला किती? त्याची ताकदही साडेबारा टक्क्यांवर आली का? आणि आली असेल तर उरलेल्या साडेसत्याऐंशी टक्क्यांत आता कोण आहे? एक सावधगिरी बाळगावी: पत्त्यावरची बोली आणि विधी तळकोकणातल्या देवचाराचे आहेत, राखण, गाऱ्हाणं वगैरे. घणसोली-करावे-दिवाळ्यात लिहायचं तर तिथला राखणदार चेडा, तिथली गावदेवी, तिथला भगत आणि तिथली आगरी बोली हवी. कोपरखैरण्यात माथाडी वस्तीत सातारा-सांगलीकडची माणसं आहेत, त्यांची भुतं तिसरीच. शीव ओलांडता न येणारं भूत घाटाखाली आलं कसं, हे लिहिणाऱ्यानं आधी ठरवावं. कुणीतरी सोबत आणावं लागतं: पितळी तांब्या, जात्याची खालची तळी, शेतातली मूठभर माती.

वापरण्याची पद्धत पुस्तिकेत आहे ती अशी: तिन्ही गठ्ठ्यांतून एकेक पत्ता काढा, वीस मिनिटं लिहा. असं केलं तर दहातल्या सातवेळा तीन पत्ते एकमेकांशी बोलत नाहीत आणि माणूस सजावटीवर उतरतो. क्रम बदलावा. आधी फक्त भुताचा पत्ता घ्यावा. ‘अट’ रकाना हातानं झाकून मूळ आणि ठिकाण वाचावं, अट स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहावी, मग पत्त्यावरची पाहावी. दोन्हींतली जास्त कडक ठेवावी. मग जागांचे पाच पत्ते उघडून मांडावेत आणि एकेका जागेला विचारावं की इथे ती अट पाळणं अवघड होतं का? जिथे सहज पाळता येते ती जागा बाजूला. उरलेल्यांतली सगळ्यात रोजच्या वापरातली निवडावी. स्मशानापेक्षा लाँड्री बरी. अडचणीचा पत्ता पहिलं पान लिहून झाल्यावरच काढावा, आधी नाही, कारण आधी काढला की भूत त्या अडचणीचं उत्तर होऊन बसतं. उताऱ्याचा रकाना शेवटपर्यंत झाकलेलाच राहू द्यावा. उतारा आधी कळला की शेवट आधी कळतो, आणि मग नारळ फुटेपर्यंत पानं भरत राहावी लागतात. गटात चौघांपेक्षा जास्त नकोत. पाचव्याला जागांचे चांगले पत्ते उरत नाहीत.

छपाईबद्दल. कागद ३०० जीएसएमचा, वर मॅट लॅमिनेशन. काळ्या पार्श्वभूमीवर बोटांचे ठसे उठतात आणि जूनच्या हवेत कोपऱ्यांचं लॅमिनेशन सुटू लागतं, कारण कापल्यावर कडा उघड्या राहिल्या आहेत, कोपरे गोल केलेले नाहीत. कोपरे गोल करायचं छोटं यंत्र स्टेशनरीत मिळतं; घेतल्या घेतल्या शंभरच्या शंभर पत्ते त्यातून काढावेत, अर्धा तास लागतो. खोक्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात. तिन्ही गठ्ठ्यांच्या पाठी गडद निळ्या, गडद राखाडी आणि काळ्या आहेत. ट्यूबलाइटखाली त्या सारख्याच दिसतात. पाठीवर कोपऱ्यात एक, दोन, तीन ठिपके देऊन टाकावेत. अक्षर बारीक, आणि काळ्यावर लाल. ‘उतारा’ रकाना संध्याकाळी वाचता येत नाही. वरच्या पद्धतीत तो झाकूनच ठेवायचा असल्यामुळे चालतं, पण हे समर्थन झालं.

शुद्धलेखनाकडे छपाईआधी कुणी पाहिलेलं नाही. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर युनिकोडात आणताना ‘ऱ्ह’ फुटला आहे, त्यामुळे गिऱ्हा एका पत्त्यावर ‘गिर्हा’ आणि पुस्तिकेत ‘गिरहा’ झालाय. ‘पिशाच’ आणि ‘पिशाच्च’ एकाच पानावर आलटून पालटून येतात. ज्या संचाचा सगळा जीव नावांत आहे, त्यानं नावं तरी नीट छापावीत. दुकानात चौकशी केली तर कळतं की पुढची छपाई ठरलेली आहे. दुरुस्त्यांसाठी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर चिठ्ठी जोडलेली आहे, ती भरून काउंटरवर द्यावी.

ज्यांच्या हातात आधीच एखादी अर्धी लिहून अडलेली शहरी भूतकथा आहे, त्यांनी ७५० रुपये द्यावेत, वसूल होतात. नुसती भुतांची माहिती हवी असेल तर मात्र एवढ्या चुकांसह ती इथून घेऊ नये. शाळकरी मुलांना द्यायचं असेल तर चेटकीण, अलवंतीण आणि अडचणींतला ‘फास’ हे तीन पत्ते आधी काढून ठेवावेत.

चार कोऱ्या पत्त्यांवरही तेच लॅमिनेशन आहे, त्यामुळे बॉलपेन घसरतं आणि मार्कर दुसऱ्या दिवशी पुसला जातो. बारीक कागदी लेबल चिकटवून त्यावर लिहावं. पहिल्या लेबलावर कुठलं भूत लिहायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण आधी अट लिहावी, नाव नंतर.